आयोडीन टाकण्याआधी

मास्तर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग जात नाही. आदर तर तुम्ही जायच्या कितीतरी आधी गेला. राजपुऱ्यातल्या आपल्या शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. काचेवर पाण्याचा थेंब ठेवला की तुम्ही त्यात आधी आयोडीन टाकायचे, मग आम्हाला डोळा लावू द्यायचे. "हलणारं काय बघायचं? मेलं की नीट दिसतं," म्हणायचे. आम्ही तपकिरी मढी बघून चित्रं काढायचो आणि याला तुम्ही जीवशास्त्र म्हणायचे!

भाषेवरून राज्यं पडली आणि आपलं गाव नव्या मध्य प्रदेशात राहिलं, त्या वर्षी भोपाळहून साहेब तपासणीला आले. मराठी शाळा राहते की जाते या धास्तीने तुमचे हात कापत होते. बहादरपूरच्या केळीच्या पाटातलं पाणी मीच आणलं होतं. तुम्ही आयोडीनची बाटली शोधताय तेवढ्यात मी डोळा लावला. एक काचेसारखा ठिपका अंग लांबवून पुढे सरकत होता.

"क्या दिखा, बेटा?" साहेबांनी विचारलं.

"चल रहा है, साहब."

तुम्ही हसलात. "इसका हाथ हिलता है, साहब. केले उठानेवाला लड़का है." वर्ग खिदळला. साहेब वाकेपर्यंत तुम्ही आयोडीन टाकून मोकळे. त्या दिवशी मला मागच्या बाकावर धाडलंत, आणि वर्ष संपायच्या आत मी केळीच्या गाडीवर होतो. तेव्हापासून कुलूप लावतो आणि परत ओढून बघतो. गॅस बंद केला तरी बायकोला विचारतो. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, ही तुमची शिकवण.

आता नात पुण्याला पेशींवर काम करते. तिच्या यंत्राची केसाहून बारीक सुई जिवंत पेशीला न शिवता वरून फिरते आणि तिचा उंचसखलपणा टिपते.

"आधी मारत नाही का गं?"

"आबा, मारली तर चालेल कशी?"

काल तिने मोबाइलवर दाखवलं. पेशी पुढे पाय पसरते, मागचं अंग ओढून घेते, पुन्हा पसरते. माझा ठिपका असाच चालत होता. तुम्ही भित्रे होता, मास्तर, आणि भित्रेपणाला शिस्त म्हणत होता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, ठाऊक आहे. पण ऐका. मी मोबाइल टेबलावर ठेवला, दोन्ही हात मागे घेतले. पेशी चालतच होती. तरी नातीला विचारलंच, "हलतंय ना गं?"