माझी पांढरी वेटिंग रूम

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
संकल्प. एक, रोज सहाला उठणे. दोन, रोज वही लिहिणे. तीन, कुणाचंही काहीही मनावर न घेणे.

इंटिरिअर आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, दुसऱ्यांदा. गेल्या वर्षी नापास झालो, त्याला परीक्षकांची कुवत कारणीभूत. यंदा कॉलेजने नवं खूळ काढलंय. बाहेरचे व्यावसायिक येऊन शिकवणार. कुणी दिव्यांचं डिझाइन करणारी, कुणी फर्निचर बनवणारा, कुणी पाट्या रंगवणारा. शेवटी हेच लोक आमच्यातल्या एकाचं डिझाइन निवडणार आणि ते खरोखर बांधणार. डोळ्यांच्या दवाखान्याची वेटिंग रूम. ज्याची निवड होईल त्याला विभागप्रमुख मॅडमच्या ऑफिसात नोकरी.

माझी झाली नाही तर? बाबांनी सांगून ठेवलंय, ताईच्या नवऱ्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. भाऊजींनी माझ्यासाठी स्टूलसुद्धा बघून ठेवलंय म्हणे. बसा म्हणावं त्यावर तुम्हीच.

५ फेब्रुवारी, सकाळी ८.३०
सहा म्हणजे साधारण सहा.

७ फेब्रुवारी
आज दिवेवाल्या बाई. पांढरे केस, कॅनव्हासचे बूट, खिशात टॉर्च. आल्या आल्या वर्गातले दिवे बंद केले आणि वीस मिनिटं सगळ्यांना गप्प बसवलं. मग काय काय दिसलं ते विचारलं. वहीवाली (वर्गातली एक मुलगी, कुणी शिंकलं तरी लिहून घेते) पाच मिनिटं बोलत होती. मी झोपलो होतो. पण डिझायनर झोपेतही निरीक्षण करत असतो.

गृहपाठ ऐका. प्रत्येकाने दवाखान्यात जायचं, डॉक्टरांकडून बाहुल्या मोठ्या करणारे थेंब डोळ्यांत घालून घ्यायचे आणि पेशंटांमध्ये तासभर बसायचं. मी विचारलं, हॉटेल डिझाइन करायचं असेल तर काय भांडी घासायची? बाई म्हणाल्या, घासलीत तर बरंच होईल.

विनोदबुद्धी शून्य.

९ फेब्रुवारी
दवाखान्यात जाऊन आलो. म्हणजे फाटकापर्यंत. आत फार गर्दी होती, शिवाय वासही येत होता. बाहेरून फोटो काढले. वर्गातले बाकीचे तेरा जण काळे चष्मे लावून, भिंत चाचपत एकेक करून बाहेर आले. मेंढरं. एकाने पुढे उडी मारली की बाकीचे त्याच्या मागे.

फॉर्मवर ‘अनुभव घेतला’ या रकान्यात बरोबरची खूण केली. बघण्याचाही अनुभवच असतो.

१४ फेब्रुवारी
फर्निचरवाला. उजव्या हाताला चारच बोटं, बोलणं त्याहून कमी. चौतीस वर्षं खुर्च्या करतोय. म्हणे कागदावर रेघ मारण्याआधी पुठ्ठ्याचं बाक करा आणि त्यावर बसून बघा. पुठ्ठ्याचं! शिशुवर्गात घातलंय की काय आम्हाला?

त्याला माझं बाक दाखवलं. पांढऱ्या ॲक्रिलिकची एकच घडी, पाठ नाही, हात नाहीत. बराच वेळ बघत राहिला. नि:शब्द झाला असणार. मग विचारलं, म्हाताऱ्या माणसाने उठताना हात कुठे टेकायचा? मी म्हटलं, उठायचं कशाला, वेटिंग रूम आहे. सगळा वर्ग हसला. तो सोडून.

१७ फेब्रुवारी
वही लिहायची राहिली दोन दिवस. विचार फार खोल चालू आहेत, हात पोचत नाही.

२१ फेब्रुवारी
पाट्यावाला. दोन तास एकच रड. अक्षर मोठं करा, जाड करा, मागच्या रंगापासून वेगळं काढा. ओरडणाऱ्या पाट्या बाजारात शोभतात. माझ्या पाट्या पांढऱ्यावर फिकट राखाडी, केसासारख्या बारीक. म्हटलं, ज्याला वाचायचंय तो जवळ येईल. त्याने विचारलं, थेंब घातल्यावर जवळचं दिसतं का? प्रश्न विषयाला धरून नव्हता, म्हणून उत्तर दिलं नाही.

या लोकांचा एकूण प्रॉब्लेम कळला. आयुष्यभर एकच काम केलं की माणसाचा विहिरीतला बेडूक होतो. मी पूर्ण खोलीचा विचार करतो.

२६ फेब्रुवारी
ड्रॉइंग्ज दिली. जमीन पांढरी, चकचकीत. भिंती पांढऱ्या. छत पांढरं, त्यात शेहेचाळीस दिवे. मध्ये काचेचं आरपार पार्टिशन. आणि माझा मास्टरस्ट्रोक: दरवाजा भिंतीतच मिसळलेला. चौकट नाही, मूठ नाही, फट दिसत नाही. दाबलं की उघडतो. चित्र प्रिंट करून स्वतःच दहा मिनिटं बघत बसलो. कुणाचीही दृष्ट लागेल.

२८ फेब्रुवारी
चौदातून तीन निवडले!! मी, वहीवाली आणि मागच्या बाकावरचा एक जण, ज्याचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. मॅडम म्हणाल्या, चित्रं तुझी सगळ्यांत सुंदर आहेत, पण. पणनंतरचं मी ऐकत नाही. संकल्प क्रमांक तीन.

आता दोन आठवड्यांत तिघांनी कॉलेजच्या हॉलमध्ये आपापली खोली प्लायवूडची, पण खऱ्या मापाची उभी करायची. घोडामैदान जवळच आहे.

३ मार्च
टाइल्ससाठी नाइलाजाने भाऊजींच्या दुकानात गेलो. ड्रॉइंग बघून म्हणाले, दवाखान्यात चकचकीत पांढरं नको रे, म्हाताऱ्यांचे पाय सरकतात, डोळे दिपतात, मॅट घे. गाढवाला गुळाची चव काय! समजावत बसलो नाही. टाइल्स परत द्यायच्या बोलीवर घेतल्या.

भाऊजी स्वतः टेम्पोतून घेऊन आले आणि दिवसभर गुडघ्यांवर बसून स्वतःच मांडून गेले. मी सुपरव्हिजन केलं. पाठ फार दुखतेय.

११ मार्च
खोली तयार. आईला फोटो दाखवला. तिने विचारलं, दार कुठंय? म्हटलं, आई, तीच तर गंमत आहे.

वहीवालीच्या खोलीत डोकावलो. मातकट भिंती. हात असलेली जाडजूड लाकडी बाकं. दाराची चौकट गडद निळी, लांबून दिसेल अशी. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर धरायला कठडा. खोली कसली, गोठा. दया आली, म्हणून बोललो नाही.

१४ मार्च, सकाळी ५.४०
सहाच्या आत उठलो! आज निकाल. नवा शर्ट. मॅडमच्या ऑफिसात कुठलं टेबल मागायचं ते ठरवलं. खिडकीजवळचं.

१४ मार्च, संध्याकाळ (अंदाजाने लिहितोय, अक्षरं एकमेकांवर चढली असतील)
दिवेवाल्या बाईंनी डॉक्टरांनाच बोलावून आणलं होतं, थेंबांच्या बाटलीसकट. प्रत्येकाने थेंब घालून घ्यायचे, आपल्याच खोलीत एकट्याने जायचं, बाकावर बसायचं, पाटी वाचायची, बाहेर यायचं. मी सांगितलं, हे माझं झालंय, फॉर्मवर आहे. बाई म्हणाल्या, मग सवय असेल.

वहीवाली चार मिनिटांत बाहेर. मागच्या बाकावरचा सहा मिनिटांत.

मी आत गेलो आणि मागे दार बंद झालं.

पांढरं. सगळीकडून पांढरं. डोळ्यांत सुया गेल्यासारखं झालं. हात पुढे करून बाक शोधलं, अर्धा बसलो, अर्धा जमिनीवर आलो. उठायला हात टेकायला काही नव्हतं. पाटी दिसलीच नाही. काच कपाळाला लागल्यावर कळली. मग दार शोधायला लागलो. बारा बाय पंधरा फुटांची खोली, मापं मी काढलेली, रेघन् रेघ माझी. भिंत चाचपत दोन फेऱ्या मारल्या. दार नाही.

घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, खूप घाबरलो. ओरडलो, कुणीतरी दार उघडा. बाहेरही गोंधळ, कारण एकदा मिटल्यावर बाहेरूनही ते कुणाला सापडेना. शेवटी भाऊजींनी उघडलं. टाइल्स परत न्यायला आले होते. मांडताना मोजल्या होत्या म्हणून त्यांना ठाऊक, कोपऱ्यापासून पाचव्या टाइलला दार; तेवढंच अंतर बाहेरून मोजलं आणि दाबलं. माझा हात धरून त्यांनी मला बाहेर आणलं. एक शब्द बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मॅडमनी फॉर्म समोर धरला. विचारलं, त्या दिवशी दवाखान्यात थेंब घातल्यावर काय दिसलं होतं? मी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

वहीवालीची निवड झाली. फॉर्मवरच्या त्या एका खुणेपायी मी नापास.

१८ मार्च
मनावर घेतलेलं नाही. माझ्या डोळ्यांत थेंब जास्त पडले असावेत.

२० मार्च
आई म्हणते, जेव तरी.

१ एप्रिल, रात्री ८
दुकानाचा पहिला दिवस. स्टूल डुगडुगतं. भाऊजींनी बजावलंय, महिनाभर गिऱ्हाइकाला शिकवायचं नाही, ते काय म्हणतंय ते ऐकायचं. ऐकतोय.

दुपारी एक बाई आल्या, सासऱ्यांसाठी बाथरूम करायचंय म्हणून. भाऊजी जेवायला बसले होते. मी उठून पुढे झालो, सांगितलं, मी इंटिरिअर डिझायनर आहे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, बरं, पण टाइल्समधलं कळणारं कुणी आहे का?

मी आत जाऊन भाऊजींना जेवणावरून उठवलं.