पाण्यातलं जांभूळ

२४ मे २००७, शहापूर
प्रबंध द्यायला तीन आठवडे. शेवटचा प्रयोग बाकी, जांभळाचा ताजा रस हवा. वैशाखरे गावातल्या आत्याला फोन. "त्या काळ्या पुडीत करतेस तरी काय गो?" सांगितलं, लोखंडाचे कण, वर लेप. लेपात जांभळाच्या बीतलं द्रव्य घालायचं, मग धुऊन काढायचं, त्याच्या मापाची जागा राहते. रसात टाकली की पूड तेवढंच धरते, चुंबकाने पूड बाहेर. "म्हंजे साचाच. गणपतीचा असतो तसा." बरोब्बर! रस पाठवते म्हणाली, बियांसकट कुटून.

२७ मे
बाटली आली, एसटीच्या कंडक्टरकडून. काळाभोर रस, चिकट. गाळता गाळता जीव गेला. पण पुडीने धरलेलं सोडवून यंत्रात घातलं, तर आलेखावर द्रव्याचं शिखर हे एवढं! मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. पाच वर्षं सार्थकी. रडले थोडी.

२९ मे
पेढे घेऊन वैशाखऱ्याला. आत्याने पेढा खाली ठेवला, म्हणाली, "तो जांभळाचा नव्हता गो. करवंदाचा." मला वाटलं थट्टा. "गावदेवाला दावल्याबिगर जांभूळ पाडत नाय आमी. तुला नाय म्हणवंना. रंग तोच ना?"
करवंदात हे द्रव्य नसतं. मग शिखर कशाचं?

३० मे
पूड नुसत्या पाण्यात टाकली. तेच शिखर. तेवढंच. पुन्हा केलं. तेच.
म्हणजे धुणं अपुरं. लेपात अडकलेलं द्रव्यच सुटत होतं, मी घातलेलं मलाच परत. फळातून काय निघालं, देव जाणे. पाच वर्षांत नुसतं पाणी एकदाही तपासलं नाही. पाण्यात काय असणार म्हणून... मूर्ख, मूर्ख.

१ जून
सरांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. "बाटलीवर जांभूळ लिहिलंय ना? मग जांभूळ. पाण्याचं कोण विचारतंय?" सर असं बोलतात? काचेवरचा डाग दिसला तर मला पुन्हा धुवायला लावणारे सर?
मुदत चुकली तर नोंदणी रद्द, सगळं पहिल्यापासून. घरी कुणाला बोलले नाही.

४ जून
आत्या आली. गावदेवाला दाखवून झालं, म्हणून खऱ्या जांभळांची पाटी घेऊन. "माज्यापायी तुजं वाटोळं झालं का गो?" म्हटलं, तू नसतीस तर कळलंच नसतं. तिला पटलं नाही. परवा तिचा राग आला होता, हेही खरं. लाज वाटते.

५ जून, दु.
पाण्याचा आलेख प्रबंधात घातला. करवंदाला करवंदच लिहिलं. सहीसाठी सरांपुढे ठेवला. चाळत चाळत त्या पानाशी थांबले.
"हे काढतेस?"
"नाही सर."
माझाच आवाज मला ओळखू येईना. बाहेर थांब म्हणाले. व्हरांड्यात बाकावर बसून लिहितेय. दार उघडंच आहे. सरांच्या हातात पेन आहे, ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागलेत.