अर्धा कातलेला गज

अमरावती, रविवार, नोव्हेंबर १९६१

कातकामाचा लेथ घरात आला, पण त्यावर चढवायला लोखंड नाही. नवे गज परवडत नाहीत, म्हणून आज पुन्हा अकोल्याला हमीदभाईंच्या भंगाराच्या दुकानात गेलो. तिथे एक बाई गजांची मोळी विकायला आल्या होत्या. त्यांचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये लेथवर टर्नर होता, उन्हाळ्यात वारला. आता त्या शिवणकाम करतात. मी नवशिका आहे हे कळल्यावर त्यांनी मोळी तराजूवरून काढून माझ्यापुढे ठेवली. "भंगारात जाण्यापरीस तुमच्या कामी पडन. हमीदभाई देत होते तेच द्या."

त्यातला एक गज अर्धाच कातलेला होता. त्या म्हणाल्या, "शेवटी हेच करून राहिले होते. काय हाये हे?"

मला ओळखता येईना. पण त्या अशा बघत होत्या की तोंडून निघून गेलं, "शिलाई मशीनचा दांडा असावा."

"माह्या मशीनचा?"

"हो."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "हात बसला की पुरा करून द्या."

आता तो अर्धा गज टेबलावर आहे. अंगठ्याहून जाड. शिलाई मशीनमध्ये असला दांडा कुठेच बसणार नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. मग का बोललो? खोटंच ना हे? आणि रोज मशीन चालवणाऱ्या बाईला ते दिसलं नसेल? इतके महिने तो गज त्यांच्याच घरात होता. त्यांनी तो मशीनला लावून पाहिलाच असेल.

तरी त्यांनी मला हो म्हणू दिलं.