विक्सबर्ग मीच सोडलं

येना, जर्मनी, शनिवार, १८ नोव्हेंबर २००६

हरलो! आणि हरूनही अंगात नुसता उत्साह सळसळतोय.

इरानं वाढदिवसाला मिळालेला पटावरचा खेळ काढला. अमेरिकेतलं यादवी युद्ध. ती उत्तरेची, मी दक्षिणेचा. माझी लेक एरवी मी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते, तेही मान वर न करता. आज मात्र डोळे काय चमकत होते तिचे!

मिसिसिपीच्या काठचं विक्सबर्ग, तटबंदीचं शहर, माझ्याकडे होतं. तिनं वेढा घातला, तसं मी सैन्य वाचवून ते सोडून दिलं. का? तर लहानपणापासून तेच ऐकलंय : किल्ला द्या, माणसं राखा, किल्ला पुढे परत घेता येतो. इथे नाही घेता आला! नदीच तिच्या ताब्यात गेली. माझी अर्धी फौज पलीकडे अडकली आणि पूर्वेकडे जिंकलेल्या सगळ्या लढाया मातीमोल. एका विक्सबर्गनं युद्ध फिरवलं. मला आधी कसं दिसलं नाही?

"वारूम, पापा? " का सोडलंस, असं तिनं जर्मनमध्येच विचारलं.

मी चिडून म्हणालो, "अगं, पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले होते. पुढे घेतलेच ना परत!"

ती थबकली. मग चक्क मराठीत, "कसे घेतले?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं पट उलटा केला. मागची कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली, हातात पेन्सिल दिली.

"बाबा, दाखव."