मामाचा फेटा आणि पोपचे राजदूत

तीर्थस्वरूप जनार्दनदादास,

धाकट्या चंद्रकलेचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे, वहिनीचा खोकला गेला का, कासारसाईच्या धरणाचं पाणी सोडलं का, हे सगळं फोनवरच विचारलं असतं. पण तू मला ब्लॉक केलंस. (आमच्या ह्यांनाही केलंस. बिचाऱ्यांना आठवडाभर वाटत होतं की मुळशीत रेंजच नाही.) म्हणून कागद घेतला. कागदाला ब्लॉक करता येत नाही, फार तर चुलीत घालता येतो, आणि तुमच्याकडे आता गॅस आहे.

इकडे सगळे मजेत. आमच्या लेकीचं, गौतमीचं लग्न तोंडावर आलंय, घरभर पिशव्याच पिशव्या झाल्यात, पाय ठेवायला जागा नाही, पण बरं वाटतं. मी जिथं स्वयंपाकाला जाते त्या सिस्टरांच्या कॉन्व्हेंटात निवृत्तीनंतर राहायला आलेले आर्चबिशप बस्त्याव रुमावसाहेब, ज्यांच्यापायी तू साखरपुड्यातून न जेवता उठून गेलास, तेही मजेत. त्यांची ओळख आधी करून देते, कारण त्या दिवशी ती राहिली आणि सगळा घोळ तिथंच झाला.

माणूस आपलाच, वसईचा, केळीच्या बागायतीतला. फादर झाले, वरच्यांनी हुशारी हेरली आणि रोमला धाडलं, राजदूत घडवायच्या शाळेत. मग आफ्रिकेत थोरल्या राजदूताच्या हाताखाली, मग दक्षिण अमेरिकेत, आणि शेवटी स्वतःच पोपचे राजदूत. आता राजदूत व्हायचं तर आर्चबिशप व्हावं लागतं, आणि आर्चबिशपाला नावापुरतं का होईना, एक गाव लागतं. म्हणून साहेबांच्या नावावर जे गाव केलं ते कधीचंच वाळूत गडप झालंय. ना वस्ती, ना देऊळ, ना कुत्रं. लवासात निदान इमारती तरी आहेत! मी खो खो हसले, तर म्हणाले, "चंद्रकलाबाई, तुमच्या सासरचं मूळ गाव कुठंय?" मी गुपचूप खिडकीतून धरणाच्या पाण्याकडे बोट केलं. तेव्हापासून आमचं जमलं.

साहेबांचं काम म्हणजे भांडणाऱ्या लोकांना एका टेबलाशी आणून बसवायचं. टेबल गोल असावं की लांब, ह्यावरच महिने जायचे म्हणे. दादा, मला ते लगेच पटलं. आपल्याकडे पहिल्या पंगतीला कोण बसणार यावरून सोयरिकी मोडल्यात.

तर चूक झाली ती आमच्या ह्यांची. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी साहेब सहज बोलून गेले, की बऱ्याच देशांत सगळ्या राजदूतांमध्ये पोपच्या राजदूताला पहिला मान असतो. ह्यांनी ते मनात धरलं आणि ऐन वेळी मामाचा फेटा, तुझा फेटा, उचलून साहेबांच्या डोक्याला बांधला! साहेबांना वाटलं, सगळ्यांनाच बांधतायत. जन्मभर मानपान सांभाळलेला माणूस, पण त्यांना मामाच नाही, त्यामुळे मामाचा मान कधी डोक्यात आलाच नाही. तू ताट सरकवलंस तेव्हा त्यांनी मला हळूच कारण विचारलं. मी सांगितलं, तर तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "इतकी भांडणं मिटवली, पण माझ्यामुळे लागलेलं हे पहिलंच."

म्हणून समेटाला ते स्वतः निघाले, कॉन्व्हेंटची जीप घेऊन. वाटेत ह्यांना बजावलं, फेट्याचं नाव काढायचं नाही. चहा घ्यायचा, पिकापाण्याचं बोलायचं आणि उठायचं; पहिल्या भेटीत कुणी काही मागत नसतं. तुमच्या दारात पोचलो तर वहिनी म्हणाली, "ते रानात गेल्यात." आणि तुझ्या चपला उंबऱ्यापाशी! रानात काय अनवाणी गेला होतास रे? साहेब मात्र शांत. दोनदा चहा घेतला, वहिनीच्या लसणाच्या चटणीचं कौतुक केलं (ती लाजली, आणि चटणीची पुडी बांधून दिली). सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात आमच्या ह्यांना कुठली बुद्धी सुचली, आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "पावनं, फेटा परत आणलाय, धुऊन इस्त्री करून! आता तरी भाईर या की!" आत एक भांडं पडलं. बाहेर कुणीच आलं नाही. परतताना साहेब एवढंच म्हणाले, की अशाच एका वाक्यानं तिकडे एक तह वर्षभर लांबला होता. आमचे हे त्यानंतर नांदे गाव ओलांडेपर्यंत गप्प होते. संसारात एवढी शांतता मला प्रथमच मिळाली.

हे पत्रही आधी साहेबांनीच सांगून माझ्याकडून लिहवून घेतलं होतं. "उभय घराण्यांमधील प्रदीर्घ स्नेह लक्षात घेता..." अर्धं पान झालं तरी माफी कोण कुणाची मागतंय ते मलाच कळेना. म्हणाले, तेच तर कौशल्य असतं. मी तो कागद फाडला. भावाला असं लिहितात होय? दादा, चुकलं आमचं. मान तुझा होता. तू उपाशीपोटी गेलास, ते मला फार लागलंय.

तुझी,
चंद्रकला

ता.क. मागणं काही नाही. सहज लिहिलं.

दुसरं ता.क. मागणं आहे. गौतमी म्हणते, मंडपात मामा हाताला धरून नेईल तर ठीक, नाहीतर ती एकटी चालत येईल, दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही. मी रागावले, ह्यांनी समजावलं, काही उपयोग नाही. कार्टी तुझ्यावरच गेलीय.

तिसरं ता.क. लग्नाच्या दिवशी बिशपसाहेब आजारी पडणार आहेत. राजदूतांचे आजार म्हणे तारीख बघून येतात. फेटा मोकळा आहे. तू आलास, तर मात्र ते पंगतीपर्यंत बरे होतील, कारण बुंदीवर त्यांचा जीव आहे.

चौथं ता.क. तुझ्या चपलांवरून जीपमध्ये मी तुला नाही नाही ते बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ज्याला खरंच भेटायचं नसतं, तो आधी चपला आत घेतो." मग मी घरी येईपर्यंत रडले. दादा, लग्नाला येऊन तू एक शब्दही बोलू नकोस. त्या चपला आमच्या दारात दिसल्या, की मला पोचलं.