मशीन बिघडलेलं नाही

सम्यक,

तुझी आई गेली त्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन बघून सांगितलं, हिला आधीही दोन छोटे झटके येऊन गेलेत, कुणाला कळलेच नाहीत. घरात सगळ्यात धडधाकट तीच. बीपी वाढलेला दिसला की हसायची, "मला काय धाड भरलीय?"

काल तुझा बीपी वाढलेला दिसला तर तू म्हणालास, "पप्पा, मशीन बिघडलंय." सकाळी ते खालच्या मेडिकलमध्ये नेऊन ताडून पाहिलं. मशीन ठीक आहे.

जिमला जातोस, पण सिगारेट ओढतोस, रात्री घोरतोसही. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावलाय. मी मरोळला ड्युटीवर चाललोय. भाजी गरम करून घे.

तुझी तपासणी अजून झालेली नाही.

पप्पा