गोलाच्या मधोमध

प्रिय चिमणे,

उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसलो नि तीनदा कागद फाडला. तुझ्या कचेरीतल्या बायका साहेबाविरुद्ध अर्ज देणार आणि तू त्यांना ‘काउंट मी इन’ म्हणालीस, हे वाचून माझा जीव टांगणीला लागला. त्याचा अर्थही धड कळेना. शेजारच्या मास्तरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “काका, म्हणजे मलाही तुमच्यात धरा. पण हे आधी म्हणायचं असतं. जिंकल्यावर काय, कुणीही म्हणेल.” मला ते लागलं. मागे आमच्या लाँड्रीतले सगळे संप करून फाटकाशी बसले होते, तेव्हा मी तापाचं सोंग करून चार दिवस पांघरुणात पडून होतो. तू एवढीशी, कपाळाला हात लावून म्हणालीस, बाबा, गार तर लागतंय.

तरीही ‘तू यात पडू नकोस’ असंच तुला लिहिणार होतो. तेवढ्यात बॉयलरचा व्हॉल्व्ह सुटला आणि इस्त्रीवाल्या मावशीचा हात कोपरापर्यंत भाजला. वर्षभर तो व्हॉल्व्ह मीच चिंध्या बांधून चालवत होतो. मालकाला सांगायची छाती नव्हती. व्हॉल्व्ह बदला म्हणून सगळ्यांनी अर्ज लिहिला. आमच्याकडे सह्या गोलात करतात. कागदावर ताटली ठेवून गोल काढायचा आणि त्याच्या कडेकडेने सह्या करायच्या, म्हणजे पहिली कुणाची ते मालकाला कळत नाही. माझा चष्मा खोलीत राहिलेला. मी सही केली ती नेमकी गोलाच्या मधोमध. मावशी पट्टीतला हात सांभाळत हसायला लागली. म्हणाली, “घ्या, काका झाले नवरदेव.” कुणीतरी दुसरा कागद आणला. मी म्हटलं, नको, राहू दे तिथंच.

काल मालकाने बोलावलं. सही मागे घे, नाहीतर बॉयलरमागची खोली शनिवारी रिकामी कर, म्हणाला. खोलीची किल्ली त्याच्या टेबलावर शनिवारी ठेवीन, असं सांगून आलो. ट्रंक भरली आहे. तुमच्या दोन खोल्यांत आधीच चार माणसं, जावईबापूंना विचारावं लागेल, सगळं समजतं मला. तरी विचारतो, मला तुमच्यात धरशील का? नाही म्हणालीस तरी मी सही खोडणार नाही, आणि तूही तुझी खोडू नकोस. फक्त दोन ओळी लगेच टाक. शनिवारनंतर या पत्त्यावर मी नसेन.

तुझाच,
बाबा